शेवटचं रीळ

रामाने हातातली काठी बाकड्यावर अशी आपटली, की शेजारी बसलेल्या अजमलच्या ग्लासातला चहा त्याच्या लुंगीवर सांडला.

"मरतो? कोण मरतो? कुठं मरतो?"

"ट्रकवाला मरतो, काका," भरत म्हणाला. "घाटात ब्रेक जातो, ट्रक दरीत. खल्लास. पिक्चर संपला."

"तू अर्धा बघून उठला असशील."

"मी? मी अर्धा बघून उठलो?"

"मग काय! अरे, तो घरी पोचतो. पहाट झालेली असते. बायको दार उघडते. तो हातपाय धुतो, पाटावर बसतो नि ती त्याला वाढते. वाटाण्याची उसळ नि तांदळाची भाकरी. तिथं संपतो पिक्चर. म्हणून तर म्हणतोय, शेवट मिळमिळीत केलान."

भरत हसला. पोलादपूरच्या नाक्यावर अजमलचं पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानापुढच्या बाकड्यावर रोज सकाळी या तिघाचौघांचा अड्डा जमायचा. रस्ता मोठा झाल्यापासून गाड्या थांबेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे अजमलला गप्पांना वेळच वेळ होता. भरत महाडची रिक्षा मारायचा, पण सीटा भरेपर्यंत तोही इथेच. बोलणं फिरून फिरून पिक्चरवर यायचं. भरतला मारामारी लागायची. अजमल बरीच वर्षं आखातात राहून आला होता. दुबईहून आलेला प्रत्येक माणूस पिक्चरमध्ये स्मगलरच कसा असतो, हा त्याचा जुना राग होता, त्यामुळे तो आपला विनोदी पिक्चर बघायचा. आणि कुणी काहीही बघो, शेवटचा निकाल रामाचा. कारण रामाने उभा जन्म मुंबईत एका टॉकीजच्या दारावर काढला होता. डोअरकीपर. तिकिटं फाडायची, बॅटरीच्या उजेडात माणसं खुर्चीवर नेऊन बसवायची आणि शो सुटला की दारं उघडायची. शेवटचं रीळ चालू असताना मालकाचा मेव्हणा आत घुसायला लागला तेव्हा रामाने त्यालाही दारावरच्या पडद्याबाहेर उभा केला होता, ही गोष्ट नाक्यावरच्या कुत्र्यालासुद्धा पाठ होती.

टॉकीज बंद पडलं. रामा गावी आला आणि मागोमाग काचबिंदूने डोळे नेले. आता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. तरी पिक्चर सुटला नव्हता. सून ललिता फोनवर बघायची आणि संध्याकाळी त्याला सांगायची. दुसऱ्या दिवशी रामा नाक्यावर येऊन त्याच्यावर बोलायचा, आणि असं बोलायचा की डोळसाला वाटावं आपणच झोपलो होतो. "हल्लीच्या पिक्चरवाल्यांना माणूस मारायचं धाडस नाय," हे त्याचं ठरलेलं मत. "शेवटी आपले सगळे जेवायला बसतात. अरे, पिक्चर हाय का पंगत हाय?"

"काका, ऐका," भरत आता हसायचा थांबला होता. तो स्वतः घाटात गाडी चालवणारा माणूस. हा एक पिक्चर त्याच्या मनाला लागला होता, आणि अर्धा बघून उठलास हे त्याला झोंबलं. "कोण जेवत नाय नि कोण पाटावर बसत नाय. ट्रक दरीत जातो. इथं बसलेल्या कुणालाही विचारा."

"भरत, जाऊ दे," अजमल हळूच म्हणाला.

त्या "जाऊ दे"ने घात केला. रामाला डोळे नव्हते, पण कुणी कुणाला डोळा मारतंय हे त्याला आवाजावरून कळायचं.

"काय जाऊ दे? अजमल, तू सांग. तो भुताचा पिक्चर. विहिरीतली बाई. सून विहिरीच्या काठावर ताट वाढून ठेवते, ती बाई जेवते नि शांत होते. होय का नाय?"

अजमल लुंगीवरचा चहा झटकत राहिला.

"होय का नाय?"

"नाय, भाऊ. ती सुनेला ओढून नेते. विहिरीत."

"नि तो पोलिसाचा? दोघं भाऊ?"

"भाऊच खुनी निघतो," भरत म्हणाला. "हा त्याला गोळी घालतो."

ललिताने सांगितलं होतं, दोघं भाऊ एका ताटात जेवायला बसतात. रामाने त्यावर नाक्यावर चांगलं तासभर तोंडसुख घेतलं होतं. खुनी मोकळा सोडून भावाभावांना मटण कसलं खायला घालता, म्हणून लिहिणाऱ्याचे वाभाडे काढले होते. तेव्हा सगळे मान डोलवत होते. सगळे.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना ठाव होतं."

अजमलने रिकामा ग्लास बाकड्याखाली सारला.

"मग बोलला का नाय कोण?"

"मज्जा यायची, काका," भरत म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"तसं नाय, भाऊ," अजमलने सावरायला घेतलं. "तुमचे शेवट ऐकायला बरं वाटायचं. खरं सांगतो. त्या विहिरीवाल्या बाईला कुणीतरी जेवायला घालायलाच पाहिजे होतं."

अजमलचा हेतू फुंकर घालण्याचा होता, पण पडलं ते मीठच. रामा उठला. भरतने रिक्षातून सोडतो म्हणून हात धरला, तो त्याने हिसडून काढला आणि काठी आपटत वाडीच्या चढाला लागला. वाट पायाखालची होती. एरवी तो ती गुणगुणत चढायचा. आज प्रत्येक दगडाला शिवी होती. टॉकीजच्या दारावर लाखभर माणसं बघितलेला हा माणूस. ब्लॅकवाल्यांना त्याने गचांडी धरून बाहेर काढलं होतं, आणि आज घरातल्याच माणसाने त्याला तोंडघशी पाडलं होतं. आंधळ्याला आंधळा म्हणा, हरकत नाही. पण आंधळ्याला खोटं तिकीट विकायचं?

ललिता मागच्या पडवीत तांदळाचं पीठ चाळत होती. चाळणीचा आवाज ऐकत तो नेमका तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ट्रकवाला मरतो."

चाळणी थांबली.

"विहिरीतली बाई सुनेला घेऊन जाते. भाऊ भावाला गोळी घालतो. अजून काय काय विकलंस मला? आं? सगळा नाका हसतोय. म्हातारा आंधळा हाय ना, घाला त्याच्या गळ्यात काय पण! तुला लाज नाय वाटली?"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते सोड. खरं का खोटं?"

"खरं," ललिता म्हणाली.

तिने हुज्जत घातली असती तर रामाला बरं वाटलं असतं. एवढं सरळ "खरं" आल्यावर त्याचा राग आणखीच भडकला. तो काय काय बोलला. हिरकणीवाडीची माणसं रायगडावर येणाऱ्या पाहुण्यांना काय वाट्टेल ते सांगतात, तीच सवय इथे आणलीस, असंही बोलला. ललिताचं माहेर हिरकणीवाडीचं. तिथे तिच्या आईची खाणावळ होती. माहेर काढल्यावर मात्र ललिताने चाळणी बाजूला ठेवली. ठेवली कसली, फेकली.

"माझ्या माहेरचं नाव काढू नका, बाबा. सांगते. आता ऐकाच. तुम्हाला शेवट कुठून सांगू? मी बघितलेला असतो का शेवट?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! दुपारची भांडी घासून मी खिडकीत फोन लावून बसते. पिक्चर रंगात येतो नि तुमची हाक येते. 'ललिता, चहा.' चहा टाकते तवर नळ येतो. नळ झाला की केर, दिवाबत्ती, नि मग पीठ भिजवायला घेते तर तुम्ही उंबऱ्यात येऊन बसता. 'हां, सांग.' काय सांगू? राहिलेला उद्या बघते म्हटलं तर तुम्हाला नाक्यावर न्यायला ताजा पाहिजे. कालचा शिळा झाला. मग मी जोडते काहीतरी."

"नि सगळे जेवायला का बसतात?"

"कारण माझ्या हातात तेव्हा भाकरी असते!" ललिता ओरडली. "परातीत पीठ, चुलीवर तवा. मला दुसरं काय सुचणार? माहेरी पण तेच. रविवारी टीव्हीवर पिक्चर लागायचा नि रोपवेची शेवटची माणसं खाली उतरायची. ललिता, चार भाकऱ्या टाक. ललिता, पिठलं बघ. मी जन्मात एका पिक्चरचा शेवट बघितलेला नाय, बाबा. एकाचा पण नाय. तिथं नाय नि इथं पण नाय."

माघार घेणं रामाच्या रक्तात नव्हतं.

"मग तसं सांगायचं. नाय बघितला म्हणायचं."

"सांगितलं होतं. अगदी पहिल्या वेळेला. काय म्हणालात आठवतंय? अर्धा पिक्चर म्हणजे फाटलेलं तिकीट, ते घेऊन माझ्या दारात यायचं नाय."

बोलला होता. रामाला ते वाक्य चांगलं आठवत होतं. नंतर नाक्यावरही त्याने ते दोनदा ऐकवलं होतं आणि टाळी घेतली होती.

"आता तुमच्या दारात येतच नाय," ललिता म्हणाली. "आजपासून सांगणार नाय. तुमचा पिक्चर तुम्ही बघा."

ती पीठ घेऊन आत गेली. पडवीत रामा एकटाच उभा राहिला, अंगावर उडालेलं पीठ झटकत.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात माणसं बोलतात तरी. ललिता ताट वाढायची, पाणी द्यायची, डोळ्यांत थेंब घालायची, सगळं वेळच्या वेळी; शब्द तेवढा नाही. रामाही अबोला धरून बसला. नाक्यावर जाणं त्याने सोडलं. सकाळी भरत खाली रस्त्यावर रिक्षा थांबवून हॉर्न द्यायचा, रामा ओटीवर बसून तो ऐकायचा आणि जागचा हलायचा नाही. अनिलचा फोन आला. रामाचा मुलगा आणि ललिताचा नवरा अनिल मुंबईला एका गोदामात कामाला होता, फोनवर पिक्चर बघायचा पास त्यानेच काढून दिलेला. तो म्हणाला, "बाबा, एवढ्या-तेवढ्यावरून काय भांडता? हेडफोन लावा नि तुमचे तुम्ही ऐका की." रामाने ते करून बघितलं. नुसती धाडधाड, कुणी तरी पळतंय, कुणी तरी रडतंय, बाई कोण आणि बुवा कोण याचा पत्ता नाही. दिसत नसताना पिक्चर ऐकणं म्हणजे बंद दारावर कान लावून लग्न ऐकण्यातला प्रकार. त्याने हेडफोन ओढून काढले आणि फेकले.

संध्याकाळी मात्र पाय आपसूक स्वयंपाकघराकडे वळायचे. तो उंबऱ्यात जाऊन बसायचा. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तवा चटकायचा, पण गोष्ट यायची नाही. पूर्वी त्या आवाजाला धरून ट्रक चालायचा, विहिरीवर रहाट फिरायचा. ललिता ट्रकचा हॉर्नसुद्धा तोंडाने वाजवून दाखवायची, तीन सुरांचा. आता नुसतीच थापाथापी. रामाला राग होता तो होताच, पण त्या रागाच्या तळाशी एक गोष्ट होती, ती त्याने कुणाकडे कबूल करणं शक्य नव्हतं. ट्रकवाला पाटावर बसला त्या संध्याकाळी त्याला फार बरं वाटलं होतं. नाक्यावर शिव्या घातल्या तरी रात्री उशीला डोकं टेकताना तो मनाशी म्हणाला होता, पोचला बाबा एकदाचा. आता तो माणूस मेला होता आणि डोळ्यांसमोर आणायला रामाजवळ काहीच उरलं नव्हतं. पिक्चर गेला म्हणजे दिवसातलं काय उरतं? सकाळचे थेंब आणि संध्याकाळचे थेंब.

शनिवारी अनिल येणार होता. वीर स्टेशनला गाडीतून उतरून महाडपर्यंत रिक्षा आणि तिथून भरतच्या रिक्षाने घर, म्हणजे टेकेपर्यंत चार वाजणार. ललिताने सकाळीच सुकटीचं कालवण करून ठेवलं होतं, भाकऱ्या तो आल्यावर गरम टाकणार होती. दुपारी रामा ओटीवर आडवा झाला होता. डोळा लागतोय न लागतोय तोच माजघरातून आवाज आला.

हॉर्न. तीन सुरांचा.

तो ताडकन उठून बसला. तोच ट्रक. मला सांगणार नाही म्हणते आणि स्वतः खिडकीत बसून बघते! त्याची कानशिलं तापली. चहाची वेळ झालीच होती. आत्ता अशी हाक मारतो की फोन हातातून पडला पाहिजे. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"ल..."

आणि तो थांबला. आतला आवाज बदलला होता. गाणी संपली होती, बोलणं कमी झालं होतं. इंजिन एकसुरी चाललं होतं आणि त्याच्यामागे एक बारीक व्हायोलिन. दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाला पडदा दिसत नाही, त्याची पाठ पडद्याकडे असते. पण शेवटचं रीळ लागलं की ते पाठीला कळतं. थिएटरातला खोकला थांबतो, चणेवाला पुडी उलगडायची थांबवतो, बाल्कनीतली पोरंसुद्धा गप्प होतात. रामाला ते कळलं, इतकी वर्षं कळत होतं तसंच.

त्याला सुनेची दया आली असं म्हटलं तर ते खोटं होईल. राग तसाच होता. पण हातापायांची सवय रागाला विचारत नाही. तो उठला, चाचपडत माजघराच्या दाराशी गेला आणि दोन्ही फळ्या एकमेकींना लावल्या. कडी वाजू नये म्हणून ती मुठीत धरून ठेवली आणि मग हळूच सोडली. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. ती उचलून दाराला पाठ लावून ठेवली. त्यावर काठी आडवी मांडीवर घेऊन बसला.

"ललिता गो! ए ललिता! नळ आला!"

शेजारची येसूबाई अंगणातूनच बोलत आली आणि ओटीवर चढली. रामाने काठी आडवी धरली.

"आत जायचं नाय."

"काय झालं? कोण आजारी हाय?"

"हळू बोल. शेवटचं रीळ चालू हाय."

"कसलं रीळ?"

"हंडे पडवीत हायत. बाहेरून जा नि तूच भरून ठेव आजच्या दिवस."

"मी भरू? भावजी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलंय. जा."

येसूबाई पुटपुटत घराला वळसा घालून गेली. पडवीत हंड्यांचा दणदणाट झाला, तसा रामाने दात ओठ खाऊन तिकडेही एक "शूऽऽ" सोडला. आत इंजिनाचा आवाज चढत होता. चढण लागली असावी.

खाली रस्त्यावर रिक्षा थांबली. अनिल घाईघाईने पायऱ्या चढून आला, मागून त्याची बॅग घेऊन भरत. इतके दिवस हॉर्न वाजवून थकलेला भरत आज वर यायचं निमित्तच शोधत असावा.

"बाबा, सरका जरा. खेडपर्यंत जाणाऱ्या गर्दीत उभा राहून आलोय. पोटात कावळे ओरडतायत. ललिता कुठाय?"

"आत हाय. थांब."

"थांब म्हणजे?"

"शो सुटल्यावर."

अनिलने बापाकडे बघितलं, मग दाराकडे. "काय चाललंय हे? ललिता! अगं..."

पुढचा शब्द बाहेर यायच्या आत काठीचं टोक त्याच्या छातीला लागलं होतं.

"आवाज करशील तर याद राख," रामा दबक्या आवाजात म्हणाला, आणि त्या दबक्या आवाजात इतका राग होता की अनिल मागे सरला. गेले कित्येक दिवस रामा तो राग घेऊन घरभर फिरत होता, दगडावर काढ, हेडफोनवर काढ. आज त्याला जागा सापडली होती. "मालकाच्या मेव्हण्याला बाहेर ठेवलाय मी. तू कोण लागून गेलास? घरचा मालक? तिकडं बस पायरीवर. उपाशी मरत नाय एवढ्यात."

"बाबा, माझंच घर आहे ना हे?"

"घर तुझं. दार माझं."

भरतने बॅग खाली ठेवली. बंद दारातून येणारा आवाज त्याने ऐकला आणि त्याचा चेहरा बदलला.

"काका, हा तर ट्रकवाला."

"तोच."

"बस रे, अनिल," भरत म्हणाला. तो स्वतः पायरीवर बसला होता. "बस की. थोडाच राहिलाय. आता बघ, उतार लागला, आता त्याचा ब्रे..."

"सांगू नको!" रामा एवढा कडाडला की व्हायोलिनही क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. मग आपणच आवाज केला हे लक्षात येऊन त्याने दारावरच्या कडीवर हात ठेवला, जणू कडीच ओरडली होती.

अनिलही पायरीवर टेकला. येसूबाई भरलेला हंडा कमरेवर घेऊन घराच्या कोपऱ्याशी आली होती, तीही तिथेच उभी राहिली. आत टायर किंचाळले. हॉर्न वाजला, तीन सुरांचा, तोच, लांबच लांब, आणि मध्येच तुटला. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने पेटी सुरू झाली आणि एक बाई काही शब्द नसलेलं गाऊ लागली.

रामा उभा राहिला. खुर्ची उचलून बाजूला ठेवली, कडी मुठीत धरली आणि गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. शेवटचा सूर गेल्यावर त्याने दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, पार भिंतीला लावल्या, आणि स्वतः एका अंगाला सरकून पाठ भिंतीला टेकली. अनिल लगबगीने आत शिरायला गेला तशी काठी पुन्हा आडवी आली.

"आधी आतली माणसं बाहेर येऊ दे."

ललिता दारात आली. ओटीवरच्या उन्हाने तिचे डोळे मिटले. पदराने तिने नाक पुसलं. समोर नवरा होता, भरत होता, हंडा घेतलेली येसूबाई होती, पण ती बघत होती सासऱ्याकडे.

"मेला," ती म्हणाली.

"कोण मेला?" अनिल दचकला.

"घर समोर दिसत असतं, बाबा. खालच्या वळणावर. बायकोनं दिवा लावलेला पण दिसतो." तिने पदर हिसडून खांद्यावर टाकला. "एवढ्या जवळ आणायचा नि मारायचा. कुणी सांगितलं होतं यांना? माझाच शेवट बरा होता."

भरतने आपसूक मान हलवली. रामाचा निकाल ऐकायला सगळे थांबले होते. रामाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तसं मधूनच कसं ठरवणार?" तो म्हणाला. "पहिल्यापासून ऐकायला लागंल."

ललिताने येसूबाईच्या कमरेवरचा हंडा बघितला, नवऱ्याची बॅग बघितली, आणि मग सगळ्यात वरच्या पायरीवर, रामा उभा होता त्याच्या पायाशी, टेकली. पाय जवळ घेतले. रामा खुर्ची चाचपून तिच्या शेजारी बसला.

"पहिल्यांदा नुसता रस्ता दिसतो," ती म्हणाली. "माणूस नाय, काय नाय. पाऊस पडून गेलेला."

अनिल मान हलवत आत गेला होता. स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत राहिले.

"अगं, चहाची पूड कुठाय?"

रामाने काठी जमिनीवर एकदाच आपटली.

"गप रे. पिक्चर चालू झालाय."